पायाच्या मापाची वहाण

कोल्हापुरी चपलेची ख्याति सर्वत्र आहे; पण ती घडविण्याच्या विद्येची ओळख थोड्यांनाच असते. त्या विद्येविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

तिचा आरंभ कातड्यापाशीं होतो. चुन्यानें केस काढलेलें कातडें बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यांत कमावितात. जुन्या रीतींत कातडें शिवून त्याची पिशवी करीत आणि तींत काढा भरून ती टांगून ठेवीत. या कामास कित्येक आठवडे लागत. घाई केल्यास गाभा कच्चा राही. तळासाठीं म्हशीचें जाड कातडें आणि वरच्या भागासाठीं पातळ कातडें निवडतात.

पुढें माप येतें. गिऱ्हाइकाचें पाऊल कागदावर ठेवून त्याची आकृति काढतात. पण निष्णात कारागीर तेवढ्यावर थांबत नाहीं. अंगठा कोठें येईल, पायाचा वरचा भाग किती फुगीर आहे, हें तो हातानें चाचपून पाहतो. कारण एकाच माणसाचे दोन्ही पाय तंतोतंत सारखे असतातच असें नाहीं. मग रापीनें तळ कापावयाचा आणि आरीनें भोकें पाडून चामड्याच्याच वादीनें शिवावयाचा. अस्सल चपलेंत खिळा नसतो. दोहों बाजूंच्या कानांतून पट्टा ओवतात आणि वर बारीक वेणी बसवितात. ही वेणी बहुधा घरांतील स्त्रिया विणतात. म्हणजे एका जोडींत सबंध कुटुंबाचे श्रम असतात.

नवी वहाण प्रथम चावते. तिला तेल लावून रोज थोडा वेळ घालावी. हळूहळू चामडें पायाचा आकार घेतें.

राजर्षि शाहू महाराजांनीं या धंद्यास उत्तेजन दिलें. २०१९ सालीं महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांच्या या चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. जून २०२५ मध्यें प्राडा या इटालियन पेढीनें मिलान येथें याच धाटणीच्या वहाणा मूळ नांव न घेतां मांडल्या, आणि ओरड झाल्यावर कोल्हापुरीचें ऋण मान्य केलें.

तो संताप योग्यच होता. परंतु कातडें कमावणारा ढोर आणि वहाण शिवणारा चर्मकार यांना आपल्याच समाजानें पिढ्यान् पिढ्या दूर ठेवलें. त्यांची वस्तु पायांत घातली, नांव मात्र विचारलें नाहीं. आणि आजहि आपण त्यांच्याशींच घासाघीस करतों.

तरी पुढील जोड घेतांना माप द्यावें, कारागिराचें नांव विचारावें आणि श्रमांचें मोल पुरें मोजावें. बापाची रापी मुलगा हातीं घेईल कीं नाहीं, हें बहुतांशीं त्या मोलावरच ठरणार आहे.