पोरगं शाळेत, माय कट्ट्यावर

कापडी पिशवीतून त्यांनी आधी ईसीजीच्या पट्ट्या काढल्या. मग टू-डी एकोचा रिपोर्ट, थायरॉइडचा, साखरेचा, आणि शेवटी अँजिओग्राफीची सीडी. एवढं करून कशातच काही निघालं नव्हतं, आणि हीच त्यांची खरी तक्रार होती. "छातीत एकदम धडधड व्हायलीय, सायेब. घाम सुटायलाय, हातापायाला मुंग्या यायल्यात, आता गेलोच म्हणून वाटतंय. अन् हे रिपोर्टवाले म्हणायलेत, काहीच नाही."

नांदेडहून देगलूरकडे जाताना नरसीच्या अलीकडे नायगाव लागतं. तालुक्याचं गाव. नांदेडचे एक मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस इथल्या खासगी दवाखान्यात बसतात. पाटीवर 'मनोविकार' हा शब्द बारीक अक्षरांत आहे, 'डोकेदुखी' आणि 'निद्रानाश' ठळक. डॉक्टरांच्या आणि येणाऱ्यांच्या संमतीने मी त्या खोलीच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसत असे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इथे त्यांची गावं, वयं, धंदे बदलले आहेत.

पिशवीवाल्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, वय चाळिशीचं. डॉक्टरांनी रिपोर्ट एकदा नीट चाळले. मी समजत होतो, आता विचारतील की मनावर कसला ताण आहे. त्यांनी विचारलं, "हे सुरू झाल्यापासून काय काय करायचं सोडलंत?" यादी निघाली. मोटारसायकल एकट्याने चालवणं सोडलं. लग्नाच्या पंगतीत मधे बसणं सोडलं, दारापाशी बसतात. नांदेडला माल आणायला जाणं सोडलं. मग डॉक्टर सोबत आलेल्या मेहुण्याकडे वळले. "आणि तुम्ही यांच्यासाठी काय काय करता?" मेहुणा अभिमानाने सांगू लागला. तोच गाडी चालवतो, रात्री शेजारी झोपतो, गाडीवाल्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये वरच ठेवलेला आहे, आणि जरा धडधड झाली की तो तासाभरात ईसीजी काढून आणतो.

हा दुसरा प्रश्न डॉक्टर जवळजवळ प्रत्येकाला विचारतात. चार-पाच माणसांचं ऐकल्यावर तो का, हे माझ्या ध्यानात यायला लागलं. चिंतेचा आजार एकट्या माणसात राहत नाही. त्याच्याभोवती घर एक सोय उभी करतं, मायेने, आणि त्या सोयीवर आजार पोसला जातो. वय बदललं की तक्रार बदलते आणि सोय करणारा बदलतो.

दुकानदारांना डॉक्टरांनी जिन्यापाशी नेलं. "चढा. उतरा. परत चढा." दुसऱ्या फेरीनंतर ते कठडा धरून उभे राहिले, छाती भात्यासारखी चाललेली. "काय व्हायलंय?" "तेच! तेच व्हायलंय बघा!" मग खोलीत बसवून मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, गरगरलं. डॉक्टर घड्याळ पुढे धरून शांत बसले. काही मिनिटांत सगळं ओसरलं. ना मेहुणा धावला, ना ईसीजी निघाला.

यातली यंत्रणा साधी आहे. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आखडतात, गरगरतं, हातपाय झिणझिणतात. हे शरीराचं नेहमीचं वागणं. पण ज्याला हे हार्ट ॲटॅकचं लक्षण वाटतं तो आणखी घाबरतो, आणखी भराभर श्वास घेतो, आणि चक्र फिरत राहतं. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६मध्ये पॅनिकची ही मांडणी केली. त्यातून निघालेला उपचार म्हणजे भीतीची लक्षणं मुद्दाम आणून दाखवायची आणि ती आपसूक उतरतात याचा अनुभव द्यायचा. हृदय तपासून मोकळं झाल्यावरच हा जिना चढायचा असतो, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं. पहिला ईसीजी वाया गेलेला नसतो. सहावा जातो. तो दिलासा देतो आणि तो दिलासा पुढच्या वेळेपर्यंतसुद्धा पुरत नाही.

गोळीही लिहिली, एसिटॅलोप्रामची, कमी मात्रेत. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस उलट जरा जास्तच अस्वस्थ वाटू शकतं, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट तिसऱ्या दिवशी गोळी टाकून देतो. त्यामुळे डॉक्टरांचा निम्मा वेळ गोळी समजावून सांगण्यात जातो. "सलाईन लावत नाही का?" असं जाताना मेहुण्याने विचारलंच.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते तिसरीतल्या एका मुलाने. सोमवारी पोट दुखतं, परीक्षेला पोट दुखतं, दिवाळीच्या सुट्टीत मात्र दुखत नाही. सोनोग्राफी झालेली, जंताचं औषध झालेलं, आजीने दृष्ट काढलेली. "शाळंचं नाव काढलं की लेकराच्या पोटात कळ यायलीय," आई सांगत होती. ती रोज सोबत जाते आणि शाळेच्या कट्ट्यावर बसून राहते. मुलगा दर थोड्या वेळाने खिडकीतून बघतो. माय दिसली की परत वहीत डोकं घालतो. गुरुजींनी पण समजुतीने त्याला खिडकीजवळचीच जागा दिलेली.

मुलाला भीती शाळेची नव्हती. आपण इकडे असताना आईचं काही बरंवाईट होईल, ही होती. लहानपणी सर्वांत लवकर दिसणाऱ्या चिंताविकारांपैकी हा एक, विरहाच्या भीतीचा. पाच वर्षांच्या मुलाला असं वाटलं तर ते वयाला धरून आहे. नवव्या वर्षी महिनोन् महिने शाळा बुडत असेल तर नाही. डॉक्टर मुलाशी थोडं बोलले, आईशी जवळपास अर्धा तास. वहीच्या पानावर पायऱ्या आखल्या. पहिल्या आठवड्यात कट्टा, पण खिडकीतून न दिसणारा. मग समोरचं किराणा दुकान. मग मधल्या सुट्टीपर्यंतच. मग फाटकापर्यंत सोडून परत. पोट दुखलं तर काय म्हणायचं तेही ठरलं: "दुखतंय ते मला कळतंय, आणि तू वर्गात बसू शकतोस." याच्यापुढे एक शब्द नाही. आईच्या डोळ्यांत पाणी. तिला हे निर्दयपणाचं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ऐकताना मलाही.

पण यामागे काम झालेलं आहे. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटाने सात ते चौदा वर्षांच्या १२४ मुलांचे दोन भाग केले. एका भागात मुलांना नेहमीची वर्तनोपचार पद्धत दिली. दुसऱ्या भागात मुलांना काहीच नाही, फक्त आईबापांना शिकवलं: भीतीची दखल घ्या, पण तिच्यासाठी घराची घडी बदलू नका. दोन्हीकडची मुलं सारखीच सुधारली. त्याआधी २००८मध्ये अमेरिकेत ४८८ मुलांवर मोठा प्रयोग झाला होता. बारा आठवड्यांनी वर्तनोपचाराने ६० टक्के, सर्ट्रालिन गोळीने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के आणि नुसत्या खोट्या गोळीने २४ टक्के मुलं बरीच सावरली. म्हणजे लहान मुलाला गोळी देऊच नये असं नाही. पण तालुक्याच्या गावात आठवड्याला बसणारा समुपदेशक कुठून आणायचा? तिथे आईलाच उपचारक करणं हा नाइलाज वाटतो खरा, पण तो कमअस्सल नाही.

लातूरला 'नीट'च्या शिकवणीला असलेली एक मुलगी आली होती. तिचं लवकर सांगून होतं, कारण तशा अनेक आहेत. सराव परीक्षेच्या सकाळी उलटी, पेपर हातात आला की पहिली दहा मिनिटं कोरी. सोय कोणी केलेली? वडिलांनी. चार चाचण्या चुकवायची परवानगी त्यांनीच क्लासला फोन करून मिळवली होती. चुकवलेल्या प्रत्येक चाचणीने पुढची मोठी झाली. डॉक्टरांनी घड्याळ लावून, खोलीत माणसं बसवून, मुद्दाम गोंगाटात पेपर सोडवायला सांगितलं. वडिलांना वेगळं थांबवून घेतलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही; बाहेर येताना ते पोरीच्या मागून चालत होते.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या एकीला झोप नव्हती, कारण बाळाचा श्वास चालू आहे का, हे ती रात्रभर नाकापुढे बोट धरून बघत होती, आणि ती डुलकी घेई तेव्हा तिची आई बघत होती. घरच्यांना हे कौतुकाचं वाटत होतं. बाळाचं वजन चांगलं, आई मात्र वाळलेली. अंगावर पाजत असताना गोळी कशी घ्यायची, ही त्यांची शंका; सर्ट्रालिन दुधातून फार कमी जातं आणि बाळंतिणींसाठी तेच बहुधा आधी निवडतात, हे सांगून डॉक्टरांनी रात्रीच्या राखणीची पाळी तिच्या आईकडून काढून घेतली.

शेतकऱ्यांपाशी मात्र ही सगळी मांडणी अडते. पन्नाशीचे एक गृहस्थ, सोयाबीन पाण्यात गेलेलं, बँकेचं आणि सावकाराचं मिळून कर्ज, मुलीचं लग्न तोंडावर. झोप नाही, मानेचे स्नायू दोरासारखे ताठ, पोटात कालवाकालव. सहा महिन्यांहून जास्त, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी असेल तर पुस्तकात तिला नाव आहे. पण यांची कोणती काळजी अवाजवी होती? मी डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, कर्ज खरंच आहे, त्याचं मी काही करू शकत नाही. पण पहाटे तीनला कर्जाचा विचार करून एक रुपयाही फिटत नाही, आणि दिवसा बँकेत जायचं धाडस होत नाही. तेवढं मला बघता येतं. घरची सोय इथे अशी होती, की बँकेचा फोन मुलगा उचलत होता आणि "बाबा गावाला गेलेत" म्हणत होता. पुढच्या आठवड्यात बापलेकांनी मिळून बँकेत जायचं ठरलं. मला हे उत्तर पुरतं पटलेलं नाही. अतिवृष्टीचं उत्तर दवाखान्यात शोधायला लागणं यातच काहीतरी चुकलेलं आहे. सरकारने २०१५मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावलीवरून अशी माणसं हेरायची, गरजेप्रमाणे पुढे पाठवायची, ही त्यातली कल्पना चांगलीच आहे. २०२२पासून टेलि-मानसचा १४४१६ हा फोनही आहे, मराठीत बोलता येतं. यांतलं काहीच कर्ज फेडत नाही, एवढं लक्षात ठेवून ते वापरावं.

डॉक्टरच नसेल तिथे काय, याचं एक उत्तर शेजारच्या गोव्यात मिळालं आहे. 'संगत' संस्थेने तिथल्या दवाखान्यांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. २०१०मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले: सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला होता. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहेतच, पण त्यांच्या कामांच्या यादीत आणखी एक ओळ घालताना त्यांना वेळ आणि मोबदला कोण देणार, हेही बघावं लागेल.

किल्लारीकडून इकडे सून होऊन आलेली एक बाई तीस वर्षं घरात भिंतीला लागून झोपलेली नाही. खाट नेहमी दारापाशी. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची पहाट तिने ढिगाऱ्यात काढली होती. आघातानंतरच्या या त्रासाला मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने २०१३मध्ये चिंताविकारांच्या घरातून वेगळं काढलं. २१ मार्च २०२४ला हिंगोलीकडचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला तेव्हा त्या बाईने हे वर्गीकरण काही विचारलं नाही. पोरांना घेऊन ती अंगणात गेली आणि आठवडाभर आत आली नाही. तिची खाट हलवायची घाई डॉक्टरांनी केली नाही. ती झोपत होती, काम करत होती. सगळ्याच सोयी मोडायच्या नसतात.

आणि आजी. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी, हातात काठी, सोबत मुलगा. म्हातारपणी पहिल्यांदाच घाबरं व्हायला लागलं तर डॉक्टर आधी शरीर तपासतात: थायरॉइड, रक्त, हृदयाचे ठोके, साखर उतरते का, दम्याच्या कुठल्या औषधाने धडधडतं का. आजींचं ते झालेलं होतं. त्यांची अडचण जुनी होती. नवरा गेला तेव्हा कोणीतरी झोपेसाठी अल्प्राझोलाम दिली, आणि मुलगा इतकी वर्षं मेडिकलवाल्याकडून ती आणत होता. खरं तर २०१४पासून ही गोळी औषधांच्या एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंदवायची. गोळीने म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, विसर पडतो. आजी मोरीत दोनदा पडल्या होत्या. पडल्यापासून भीती वाढली, म्हणून मुलाने त्यांचं शेतात जाणं बंद केलं, देवळात जाणं बंद केलं, आणि भीती वाढली म्हणून गोळी अर्धीची एक झाली.

अशी गोळी एकदम तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. ती पावापावाने, आठवड्यांच्या हिशोबाने उतरवायची. डॉक्टर कॅलेंडरच्या पानावर खुणा करू लागले तशा आजी पुढे वाकल्या.

"पूर्ण बंद करणार व्हय?"

"हळूहळू, आज्जी. चार-सहा महिने लागतील."

"मग मला देवळात जाऊ द्यायला सांगा ह्याला."

"एकटीनं?" मुलगा दचकला.

"मळ्यात जायला बी मोकळीक पायजे," आजी डॉक्टरांकडेच बघत म्हणाल्या. "पाव गोळीला देऊळ, अर्ध्या गोळीला मळा. लिव्हा तिथं."

डॉक्टरांनी लिहिलं.