धुराच्या तपासणीत जुनी मोटार का अडते?

मोटारीच्या धुराची तपासणी, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेली 'पीयूसी', ही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये बंधनकारक आहे. नव्या गाडीस पहिल्या वर्षी तिची आवश्यकता नसते. त्यानंतर भारत स्टेज चार व त्यापुढील मानकांच्या गाड्यांना मिळालेले प्रमाणपत्र वर्षभर चालते. त्याआधीच्या गाड्यांना ते दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. प्रदूषणविषयक मानके मोडणारे वाहन रस्त्यावर आणल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. खाजगी जुनी गाडी मात्र पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करून ठेवता येते. खेड्यातील शिक्षकाची कार्बोरेटरची मारुती ८०० किंवा एखाद्या बागाईतदाराने जपलेली प्रीमियर पद्मिनी अडीअडचणीला, रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला नेण्यास उपयोगी पडते. अशी गाडी तपासणीत नापास झाली की बहुधा एकच उपाय होतो : मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आवळतो, आकडा खाली येतो, प्रमाणपत्र मिळते. चार दिवसांनी गाडी ओढत नाही म्हणून तोच स्क्रू पुन्हा सैल केला जातो. दोष होता तेथेच राहतो आणि धूरही.

वास्तविक तपासणीच्या कागदावरील आकडेच दोष कोठे आहे ते सांगत असतात. पेट्रोलच्या गाडीबाबत त्यांतील दोन महत्त्वाचे : कार्बन मोनॉक्साईड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत. भारत स्टेज दोनपूर्वीच्या चारचाकीस ही मर्यादा अनुक्रमे ३ टक्के व १५०० आहे. भारत स्टेज दोन व तीनच्या गाड्यांस ०.५ टक्के व ७५०. भारत स्टेज चारच्या गाड्यांस ०.३ टक्के व २००.

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. हायड्रोकार्बन म्हणजे मुळात न जळताच बाहेर पडलेले पेट्रोल. समजा, एका जुन्या गाडीचा पहिला आकडा ५.५ आणि दुसरा ९०० आला, तर ठिणगी ठीक असून मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. पहिला १.२ आणि दुसरा २४०० आला, तर कार्बोरेटरला हात लावण्याचे कारण नाही. एखादा सिलिंडर 'मिस' करीत असण्याचा संभव अधिक. हा भेद न करता केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

पेट्रोल जास्त असेल तर शोध स्वस्तापासून सुरू करावा. एअर फिल्टर काढून इंजिन चालू करावे आणि आकडा पाहावा. तो लक्षणीय उतरला तर फिल्टरच धुळीने चोंदलेला आहे. नंतर चोक : केबल गंजली की बटण आत गेले तरी झडप अर्धवट मिटलेली राहते. त्यानंतर फ्लोट. पितळी फ्लोटला बारीक भोक पडून आत पेट्रोल शिरले की तो जड होऊन बुडतो, सुईचा वॉल्व मिटत नाही आणि पातळी वाढते. असा फ्लोट कानाजवळ हलविला तर आतील पेट्रोलचा आवाज येतो. झिजलेले जेट सर्वांत शेवटी पाहावेत.

हायड्रोकार्बन जास्त असेल तर प्लगपासून आरंभ करावा. फिकट तपकिरी प्लग निरोगी. काजळी धरलेला जादा पेट्रोल सांगतो, तेलकट ओला प्लग ऑईल वर चढत असल्याचे दाखवितो. पॉइंटचे अंतर, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणातील तडे, प्लगच्या वायरी हे ओघाने आलेच. वायरी रात्री काळोखात पाहिल्या तर गळणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. एवढे करूनही आकडा हलत नसेल, तर सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी आल्यास त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजावे. वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तेवढाच राहिला तर वॉल्व नीट बसत नाहीत. येथे मात्र खर्च मोठा असतो आणि गाडी ठेवावी की मोडीत काढावी, हा प्रश्न मालकासमोर उभा राहतो.

ज्या गाड्यांच्या धुराच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे (चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोलबरोबर ते आले) त्यांची गोष्ट निराळी. हे साधन सुमारे तीनशे अंश सेल्सिअस तापल्यावरच काम करू लागते. म्हणून गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तपासणीस न्यावी; थंड गाडी विनाकारण नापास होते. कन्व्हर्टर खरोखर निकामी झाला असेल तर तो कशाने झाला, हे आधी शोधले पाहिजे. मिस करणारे इंजिन न जळलेले पेट्रोल त्यात ढकलते व ते तेथे पेटून तो वितळतो. कारण तसेच ठेवून बसविलेला नवा कन्व्हर्टरही टिकत नाही. आतील जाळी फोडून पोकळ डबा बसविण्याचा प्रकार तर निव्वळ फसवणुकीचा आहे.

उलट दिशेचा दोषही घडतो. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडे खोटे कमी दिसतात.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून ज्याची मोठी निर्मिती होते ते इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साईड घटतो. परंतु मिश्रण आधीच पातळ ठेवलेले असेल तर इंजिन मिस करून हायड्रोकार्बन वाढतो. जुन्या रबरी नळ्या व पडदेही अशा इंधनाने लवकर खराब होतात. ते बदलून घेणे इष्ट.

इंजिन चालू ठेवून करावयाचे कोणतेही काम उघड्यावर करावे. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतो, आणि शटर ओढलेल्या गॅरेजात माणसाला डोके जड झाल्याचे कळते तोवर उशीर झालेला असतो.

तपासणीचे जुने कागद टाकून न देता एकत्र ठेवावेत. मागील खेपेस कार्बन मोनॉक्साईड १.४ होता आणि या खेपेस २.६ आला, तर दोन्ही वेळा गाडी उत्तीर्णच आहे. पण फिल्टर आणि फ्लोट पाहण्याची वेळ पुढील सहामाहीपूर्वीच आलेली आहे.