झेनॉनचा दुसरा इलेक्ट्रॉन

राजवायू अलिप्त असले, तरी पुरेशी ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन सोडतातच. त्यांपैकी झेनॉनच्या पहिल्या इलेक्ट्रॉनसाठी १२.१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. मग धनभारित झालेला आयन उरलेल्यांना अधिक घट्ट धरतो: दुसऱ्याला सुमारे २१, तिसऱ्याला ३१.

ही ऊर्जा प्रकाशातून किंवा आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनकडून मिळते. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, आपली सगळी ऊर्जा देऊन नाहीसा होतो. आदळणारा इलेक्ट्रॉन मात्र थोडीच देतो आणि बाकीची घेऊन निघून जातो. त्यामुळे किमान ऊर्जेला आयनीभवन जेमतेम होते, खरा जोर चढतो तिच्या काही पटींवर. प्रकाशाच्या बाबतीत झेनॉन जरा तऱ्हेवाईक आहे. १०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास त्याच्या आतल्या ४डी कवचातले दहा इलेक्ट्रॉन मिळून प्रकाश अधाशासारखा शोषतात. आत रिकामी झालेली जागा बाहेरचा इलेक्ट्रॉन भरतो आणि सुटलेल्या ऊर्जेने आणखी एखाददुसरा हाकलला जातो.

प्रकाशाचे हे शोषण आयनांवर मोजणे कटकटीचे. समान भारामुळे ते एकमेकांना ढकलतात, दाट साठा होत नाही. म्हणून बर्कली, हॅम्बुर्ग येथे आयनांची विरळ शलाका सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या प्रकाशझोताशी एका रेषेत आणली गेली आहे.

नासाच्या ‘डॉन’ यानाच्या (प्रक्षेपण २००७) इंजिनात झेनॉनचे हेच आयन इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने बनत. तिथे दुहेरी भाराचे नकोसेच: ते जास्त जोराने आदळून आतले भाग झिजवतात.