व्हिडिओ गेममधील शस्त्रांच्या स्किन : काम काय असते, मोबदला कसा मिळतो आणि कोणती योजना उपयोगी पडते

व्हिडिओ गेममधील शस्त्रांवर रंग आणि नक्षी चढवण्याचे काम घरी बसून, स्वतःच्या संगणकावर करता येते. अनेक तरुण ते हौसेने शिकतात. काहींना त्यातून पैसेही मिळतात. पण हे काम नेमके काय आहे, ते नोकरी आहे की व्यवसाय, त्यासाठी सरकारी प्रशिक्षण किंवा कर्ज मिळते का, याबद्दल घरातील मोठ्यांना फारशी माहिती नसते. घरातून पैसे खर्च करण्यापूर्वी कुटुंबाला नीट विचार करता यावा, म्हणून ही माहिती येथे सोप्या भाषेत दिली आहे.

स्किन म्हणजे काय?

खेळातील बंदुकीचा किंवा चाकूचा आकार खेळ बनवणारी कंपनी तयार करते. त्या आकारावर दिसणारा रंग, नक्षी, गंज आणि ओरखडे हा चित्राचा वेगळा थर असतो. या थराला स्किन म्हणतात. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवली, पाठीवर झूल घातली, तरी बैल तोच राहतो. तसेच इथेही आहे. स्किन बदलल्याने शस्त्राची ताकद वाढत नाही, फक्त रूप बदलते.

या लेखात ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळाचे उदाहरण घेतले आहे. हा खेळ अमेरिकेतील वॉल्व्ह या कंपनीचा आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये या खेळात शस्त्रांच्या स्किन आल्या. तेव्हापासून बाहेरच्या चित्रकारांनाही आपली स्किन ‘स्टीम वर्कशॉप’ या ठिकाणी सादर करता येते. सप्टेंबर २०२३ पासून खेळाची नवी आवृत्ती, ‘काउंटर-स्ट्राइक २’, चालू आहे. इतर खेळांचे नियम वेगळे असू शकतात, पण कामाची पद्धत बहुतेक सगळीकडे सारखीच असते.

काम कसे केले जाते?

घरात कोणी शिवणकाम करत असेल, तर हे काम समजायला वेळ लागणार नाही. ब्लाउज अंगावर गोल बसतो, पण कापड सपाट असते. म्हणून आधी ते बेतावे लागते. बंदुकीचेही तसेच आहे. तिचा त्रिमितीय आकार उलगडून सपाट चौकोनावर मांडलेला असतो : नळी एका बाजूला, दस्ता दुसरीकडे, मॅगझिन तिसरीकडे. या मांडणीला यूव्ही म्हणतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये ही मांडणी कंपनीच देते. शस्त्राचे मॉडेल आणि बेतलेला नकाशा चित्रकाराला मोफत उतरवून घेता येतो. चित्र या सपाट नकाशावर काढायचे आणि ते शस्त्रावर कसे बसते ते पाहायचे.

दोन तुकडे जिथे जुळतात तिथे शिवण येते. नळीच्या वरच्या बाजूने गेलेली रेघ खालच्या बाजूने येताना पुढे-मागे सरकली, तर ती चूक खेळताना लगेच डोळ्यांत भरते. नवशिक्यांचे काम बहुतेक वेळा इथेच ओळखू येते. दुसरी गोष्ट म्हणजे माया. कापड बेतताना शिवणीसाठी माया सोडतात, त्याप्रमाणे प्रत्येक तुकड्याच्या कडेबाहेरही रंग थोडा पसरवून ठेवावा लागतो. नाहीतर दुरून पाहताना शिवणीवर पांढरट किंवा काळी रेघ दिसते.

चित्र चौकोनी असते आणि त्याची बाजू १०२४, २०४८ किंवा ४०९६ पिक्सेल अशा ठरावीक मापाची असते. फाइल टीजीए या प्रकारात जतन करतात. पण एक चित्र काढून काम संपत नाही, आणि खरे शिकायचे ते इथून पुढेच असते. टेक्स्चरला मराठीत ‘पोत’ म्हणतात. हा शब्द या कामाला अगदी चपखल बसतो, कारण पोत म्हणजे नुसता रंग नव्हे, स्पर्शही. एका चित्रात फक्त रंग असतो. दुसऱ्यात पृष्ठभाग कुठे खरखरीत आहे आणि कुठे गुळगुळीत, याची नोंद असते. तिसऱ्यात धातू कुठे आणि लाकूड किंवा प्लास्टिक कुठे, हे सांगितलेले असते. चौथ्यात बारीक उंचसखलपणा असतो. ही चित्रे एकत्र आल्यावर संगणक त्यांवर प्रकाश पाडतो आणि पितळ पितळेसारखे दिसू लागते.

त्यामुळे रंगाच्या चित्रात सावली किंवा चमक हाताने रंगवायची नसते. कागदावर उत्तम चित्र काढणाऱ्यांनाही हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. कागदावर सावली आपणच देतो. इथे ती खेळातील प्रकाश देतो, आणि आपण वेगळी सावली दिली तर ती दुप्पट होऊन चित्र मळकट दिसते.

नक्षी चढवण्याच्या अनेक पद्धती आहेत. एका पद्धतीत छापील कापडासारखा एकच ठसा सगळीकडे पुन्हा पुन्हा उमटतो. अशा ठशाची उजवी कड डावीला आणि वरची कड खालच्या कडेला अचूक जुळली पाहिजे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक भागासाठी वेगळे चित्र हाताने काढतात. जुन्या, काळवंडलेल्या धातूचा रंग दाखवणारी पद्धतही आहे. सुरुवातीला ठशाची पद्धत सोपी जाते.

शेवटी झीज पाहावी लागते. काउंटर-स्ट्राइकमध्ये प्रत्येक स्किनला ० ते १ यांमधील एक झीज-अंक असतो. ०.०७ पर्यंत ती नवी कोरी समजली जाते. ०.०७ ते ०.१५ मध्ये किंचित वापरलेली, ०.१५ ते ०.३८ मध्ये वापरलेली, ०.३८ ते ०.४५ मध्ये बरीच झिजलेली आणि त्यापुढे पार खरवडलेली. ज्या स्किनचे सारे सौंदर्य पातळ वरच्या थरात असते, ती ०.६ वर ओळखूही येत नाही. म्हणून एकच चित्र नवे असताना आणि झिजल्यावर, दोन्ही वेळा कसे दिसते ते तपासूनच सादर करावे.

या कामाची महत्त्वाची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर, चित्रासाठी जिम्प किंवा क्रिटा. महागडी सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय काम सुरूच होत नाही, हा समज खरा नाही. संगणक मात्र बऱ्यापैकी लागतो. हे काम मोबाइलवर होत नाही.

चित्र स्वतःचेच असावे

मे २०१४ मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये एम४ए४ या बंदुकीची ‘हाऊल’ नावाची स्किन आली. त्यातील चित्र दुसऱ्याच कलाकाराचे असल्याची तक्रार झाली. जून २०१४ मध्ये कंपनीने ते चित्र काढून त्याजागी स्वतःचे चित्र बसवले आणि सादर करणाऱ्यांवर बंदी घातली. सादर करताना ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ असे मान्य करावे लागते, आणि ते कबूल करणे म्हणजे करारावर सही करण्यासारखेच आहे.

भारतीय नक्षी वापरायची इच्छा अनेकांना होते आणि ती चांगलीच आहे. कुयरी, मोर, जाळी ही परंपरेतील रूपे कोणा एकाची मालमत्ता नाहीत. पण एखाद्या कलाकाराने काढलेले विशिष्ट चित्र इंटरनेटवरून उचलून वापरणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गुन्हा ठरू शकतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव वापरून वस्तू विकण्यापूर्वी माहिती घ्यावी. देवादिकांची चित्रे शस्त्रावर काढणे टाळावे. ती कोणाच्याही भावना दुखावू शकतात आणि निवडली जाण्याची शक्यताही कमी असते.

पैसे कसे मिळतात?

स्किन सादर केल्यावर खेळाडू मत देतात, पण अंतिम निवड कंपनी करते. जास्त मते मिळाली म्हणजे निवड झाली, असे नाही. निवड झाली तरच कंपनीकडून मोबदला मिळतो. दोघा-तिघांनी मिळून काम केले असेल, तर वाटे आधीच नोंदवता येतात, आणि मित्रांमध्ये असले तरी ते नोंदवावेतच.

जानेवारी २०१५ मध्ये वॉल्व्हने जाहीर केले होते की, काउंटर-स्ट्राइकसह तीन खेळांसाठी वस्तू तयार करणाऱ्या ७५ देशांतील १,५०० हून अधिक लोकांना मिळून ५ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त रक्कम देण्यात आली. हा आकडा जाहिरातींत वापरला जाऊ शकतो. मात्र ज्यांची निवड झालीच नाही, ते या आकड्यात नाहीत. म्हणून स्किनची निवड होईल हे उत्पन्न धरून घराचे हप्ते ठरवू नयेत. याच कौशल्यावर गेम, ॲनिमेशन आणि जाहिरात क्षेत्रात टेक्स्चर कलाकार म्हणून मिळणारे काम जास्त भरवशाचे असते. न निवडलेल्या स्किनसुद्धा तिथे कामाचा नमुना म्हणून दाखवता येतात.

परदेशातून रक्कम मिळण्यासाठी बँक खाते आणि कराची माहिती द्यावी लागते. त्यासाठी पॅन आवश्यक आहे. भारत आणि अमेरिका यांच्यातील कर करारानुसार स्वामित्वधनावर तिथे साधारणपणे १५ टक्के कर कापला जातो. भारतात विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मागता येते. १८ वर्षांखालील व्यक्तीला भारतीय कायद्याने करार करता येत नाही. लहान मुलांनी शिकण्यास हरकत नाही, पण सादर करणे आणि पैसे घेणे हे व्यवहार पालकांना विचारल्याशिवाय होऊ नयेत. काउंटर-स्ट्राइक हा खेळ प्रौढांसाठी आहे, हेही लक्षात घ्यावे.

कोणती योजना उपयोगी, कोणती नाही?

फक्त ‘गेमची स्किन तयार करणे’ यासाठी केंद्र सरकारची वेगळी योजना नाही. पण कौशल्य प्रशिक्षणात माध्यम आणि मनोरंजन क्षेत्राचे अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांत ‘टेक्स्चरिंग आर्टिस्ट’ ही भूमिकाही आहे. आपल्या जिल्ह्यात ही तुकडी चालू आहे का, हे स्किल इंडिया डिजिटल हब या पोर्टलवर पाहता येते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालील प्रशिक्षणासाठी उमेदवाराला शुल्क भरावे लागत नाही. ही केंद्राची योजना असल्याने इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी उमेदवारांनी आपल्या जवळचे केंद्र निवडावे. महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागत नाही.

संगणक किंवा छोटा स्टुडिओ यासाठी प्रधानमंत्री मुद्रा योजनेतून कर्ज मागता येते. शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. त्यासाठी तारण लागत नाही. पण हे अनुदान नाही, कर्ज आहे, आणि काम मिळाले नाही तरी हप्ता भरावाच लागतो. बँक उत्पन्नाचा अंदाज विचारेल. तिथे ‘स्किन निवडली जाईल’ असे सांगण्यापेक्षा स्थानिक कामे, म्हणजे फोटो, बॅनर, ॲनिमेशन यांची मागणी दाखवावी. उद्योग म्हणून नोंद करायची असल्यास उद्यम नोंदणी मोफत आहे.

पीएम विश्वकर्मा योजना मात्र इथे लागू होत नाही. तिच्यात पारंपरिक १८ व्यवसाय आहेत आणि संगणकावर चित्र काढण्याचे काम त्यांत नाही. या योजनेतून ‘गेम डिझायनर’साठी साहित्य मिळवून देतो असे कोणी म्हटले, तर अर्ज किंवा आधार क्रमांक देऊ नये.

कोठे सावध राहावे?

वर्कशॉपमध्ये निवड करून देण्यासाठी पैसे घेणारा कोणताही अधिकृत मध्यस्थ नसतो. ‘तुमची स्किन निवडली गेली, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा संदेश आला, तर तो खोटा समजावा. दुवा उघडून स्टीमचा पासवर्ड टाकायला सांगणारे संदेशही तसेच. असा पासवर्ड दिल्यावर खात्यातील वस्तू काही मिनिटांत दुसरीकडे वळवल्या जाऊ शकतात.

आणखी एक फरक मुलांना समजावून सांगावा. स्किन तयार करणे हे काम आहे. स्किन पणाला लावून जिंकण्याची आशा धरणे हा जुगार आहे. ऑनलाइन खेळांबाबतच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, आणि पणाला लावलेल्या गोष्टींत पैशाशी समतुल्य आभासी वस्तूही धरल्या आहेत. अशा संकेतस्थळांवर गेलेली रक्कम परत मिळण्याची शक्यता फार कमी असते.

फसवणूक झाल्यास लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवण्याची संधी जास्त असते. संदेशांचे स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक आणि ज्या खात्यात किंवा यूपीआय क्रमांकावर पैसे पाठवले त्याची नोंद जपून ठेवावी. संभाषण पुसून टाकू नये.