तान्ह्या बाळाचा मलावरोध : काय करावे, काय टाळावे

आपल्या समाजातील कितीतरी घरांत तान्हे बाळ आज दोन प्रकारच्या दुधावर वाढते. आई घरी असते तेव्हा अंगावरचे दूध आणि आई कामावर गेली की डब्यातील पावडरचे दूध. सफाईचे काम, घरकाम, रुग्णालयातील आयाचे काम, कारखान्यातील किंवा कचेरीतील नोकरी करणाऱ्या भगिनींना पुष्कळदा दुसरा मार्गच उरत नाही. असे वरचे दूध सुरू झाले की काही दिवसांतच घरात प्रश्न उभा राहतो, "बाळाला शी का होत नाही?" मग आजी एक उपाय सांगतात, शेजारच्या मावशी दुसरा सांगतात. सल्ल्यांचा भार बाळावर पडतो आणि दोष आईच्या माथी येतो. म्हणून या विषयाची शास्त्रशुद्ध माहिती सर्वांना, विशेषतः उद्या आईवडील होणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना असणे आवश्यक आहे.

मलावरोध कशाला म्हणावे?

बाळाला शी होऊन किती दिवस झाले, एवढ्यावरून मलावरोध ठरत नाही. शी मऊ आहे की घट्ट, यावरून तो ठरतो. केवळ अंगावर पिणारे बाळ पहिल्या महिन्यात दिवसातून अनेक वेळा शी करते. दीड महिन्यानंतर तेच बाळ चार-पाच दिवस, क्वचित आठवडाभरसुद्धा शी करीत नाही. पण केली की ती मऊ असते. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल आणि चोवीस तासांत सहा किंवा अधिक दुपटी लघवीने ओली होत असतील तर यात काळजीचे कारण नाही. पहिल्या महिन्यात मात्र शी फार कमी होत असेल तर बाळाला दूध अपुरे पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी वजन करून घ्यावे.

काही बाळे शी करताना दहा-पंधरा मिनिटे कुंथतात, रडतात, लालबुंद होतात आणि नंतर मऊ शी करतात. हाही मलावरोध नव्हे. पोटाने जोर करायचा आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे, हे बाळाला अजून जमत नसते. काही आठवड्यांत ते आपोआप जमते. शेळीच्या लेंड्यांसारखी कोरडी, कडक शी होत असेल आणि ती करताना बाळाला वेदना होत असतील, तरच त्याला मलावरोध म्हणावे.

वरच्या दुधाने असे का होते?

आईचे दूध बाळाच्या पोटात पातळ राहते व लवकर पचते. पावडरचे दूध बहुधा गाईच्या दुधापासून तयार केलेले असते. त्यातील केसीन या प्रथिनाचे पोटात घट्ट दही होते. शिवाय पुष्कळ पावडरींत पाम तेल असते. त्यातील स्निग्धाम्ल आतड्यात कॅल्शियमशी मिळून साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि त्यामुळे शी कडक होते. पावडरमधील लोहाला मात्र अनेकजण विनाकारण दोष देतात. बाळाच्या वाढीसाठी लोह आवश्यक आहे. लोह कमी असलेले दूध शोधत बसू नये.

याखेरीज सर्वांत सहज सुधारता येणारे कारण म्हणजे चुकीचे माप. "बाळाचे पोट भरत नाही" म्हणून एखादा चमचा जास्त घातला जातो आणि दूध दाट होते. उलट, डबा महाग म्हणून किंवा "पातळ दिले की शी होईल" म्हणून पाणी वाढवले जाते. हे अधिक धोक्याचे आहे. त्याने बाळाचे वजन वाढत नाही, आणि शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडून आकडीसुद्धा येऊ शकते.

काय करावे?

१) प्रत्येक वेळी प्रथम अंगावर पाजावे आणि गरज असेल तेवढेच वरचे दूध नंतर द्यावे. रात्रीचे पाजणे सोडू नये. जितके पाजावे तितके दूध येते आणि आईच्या दुधाचा वाटा वाढला की शी मऊ होते. कामावर जाणाऱ्या आईने दूध काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवल्यास ते बाहेर थंड जागी फार तर चार तास चांगले राहते.

२) डब्यावरील माप वाचावे. त्याच डब्यातील चमचा वापरावा. तो शिगोशीग नव्हे, सपाट भरावा. आधी पाणी मापावे, मग पावडर घालावी. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले गरम असतानाच पावडर मिसळावी आणि दूध कोमट करून द्यावे. तयार दूध दोन तासांत संपवावे, उष्टे टाकून द्यावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले स्वच्छ ठेवणे सोपे जाते.

३) बाळाला उताणे निजवून सायकल चालवल्यासारखे त्याचे पाय हलवावेत. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने चोळावे. कोमट पाण्याने अंघोळ घालावी. मात्र दूध पाजल्यावर लगेच पोट चोळू नये.

४) सहा महिने पूर्ण झाल्यावर वरणभाताबरोबर पिकलेली पपई, कुस्करलेले फळ, शिजवून गाळलेली भाजी व थोडे उकळून गार केलेले पाणी द्यावे.

काय टाळावे?

सहा महिन्यांच्या आत उन्हाळ्यातही वेगळे पाणी देऊ नये. त्याने बाळाची दुधाची भूक मरते. एरंडेल देऊ नये. घुटी सहाणेवर उगाळताना तिच्यातून जंतू पोटात जाण्याचा धोका असतो. साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ गुदद्वारात घातल्याने नाजूक त्वचेला इजा होते. एक वर्षाच्या आत मध तर चाटवूच नये. मधातील एका जिवाणूच्या बीजांमुळे स्नायू लुळे पाडणारा विषार बाळाच्या आतड्यात तयार होऊ शकतो. या आजाराचे पहिले लक्षण पुष्कळदा मलावरोध हेच असते, हे ध्यानात ठेवावे. जुलाबाचे कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा जावे?

हिरवी उलटी, फुगून टणक झालेले पोट, शीमधून रक्त, ताप, दूध ओढणे बंद होणे, अंग ढिले पडणे किंवा रडण्याचा आवाज क्षीण होणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट पाहू नये. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, किंवा मलावरोध जन्मापासूनच असेल, तर आतड्यातील मज्जातंतूंचा जन्मजात दोष अथवा थायरॉइडची कमतरता असू शकते. पांढुरकी शी हे यकृताच्या विकाराचे लक्षण असू शकते. वरील माहिती सर्वसामान्य समजुतीसाठी आहे. ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

परंपरेने चालत आले किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितले एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका, ती हितकारक आहे की नाही हे स्वतः तपासून पाहा, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. हा उपदेश वंदनेपुरता नाही, तो पाळण्यापर्यंत पोहोचला पाहिजे. आजींच्या मायेचा मान राखावा, त्यांच्या मालिशीचा व अनुभवाचा लाभ घ्यावा. मात्र मधाचे बोट नम्रपणे नाकारावे.

आणखी एक गोष्ट. बाळाला वरचे दूध द्यावे लागते हा आईचा गुन्हा नव्हे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे १९६१ साली देशासाठी कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे वैद्यकशास्त्र सांगते, तेवढाच हा काळ आहे. परंतु घरकाम करणाऱ्या आणि रोजंदारीवरच्या बहुसंख्य भगिनींच्या हाती ही रजा पडत नाही. तोवर त्यांच्या घरच्यांनी निदान एवढे करावे : आई कामावरून आली की तिच्या हाती भांडी न देता बाळ द्यावे, आणि डब्याचे माप वडिलांनीही शिकून घ्यावे. बाळाचे पोट साफ राहण्यास याचा कोणत्याही घुटीपेक्षा अधिक उपयोग होईल.

जय भीम!