परवान्यांचा कोठावळा

ग्रीक पुराणांत पाताळाच्या दाराशी बसलेला तीन मस्तकांचा एक कुत्रा आहे. त्याचे नाव कर्बरॉस. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ साली ‘अथीना’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. संस्थेतील संगणक एकमेकांस जोडून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावयाचे होते. मग कोण खरा आणि कोण तोतया, हे ठरवावयाचे कसे, असा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी जी पद्धत रचली गेली, तिला या पहारेकऱ्याचेच नाव मिळाले. आज मोठमोठी विद्यापीठे आणि कार्यालये तिचा उपयोग करतात.

या पद्धतीचे मर्म एका उदाहरणाने ध्यानात येईल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून राज्यातील ग्रंथालयांची घडी बसविली. अशा एखाद्या विस्तीर्ण ग्रंथालयात वाचकाला प्रत्येक दालनापाशी आपली ओळख नव्याने पटवावी लागली, तर त्याचा दिवस त्यातच सरेल. त्यापेक्षा प्रवेशद्वाराशी एकदाच ओळख पटवून दिवसभराची चिठ्ठी घ्यावी आणि तीच दालनोदालनी दाखवावी, हे सोयीचे. कर्बरॉस नेमके हेच करते. मनुष्य सकाळी एकदा आपला परवलीचा शब्द देतो. त्याला एक मूळ परवाना मिळतो. त्याच्या बळावर टपाल, छपाई, फायलींचे भांडार अशा प्रत्येक सेवेसाठी वेगळा परवाना मिळत जातो. परवलीचा शब्द पुनःपुन्हा विचारला जात नाही आणि तारेवरून तो प्रवासही करीत नाही. परवान्याची मुदत बहुधा दहा तासांपासून एका दिवसापर्यंत असते.

सोय झाली, पण तिच्यातच धोकाही आला. मुदत संपेपर्यंत ज्याच्या हाती परवाना, तोच तो मनुष्य, असे सर्व सेवा मानतात. म्हणून परवाना ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न परवलीच्या शब्दाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

जुनी रीत अशी, की संगणकाच्या तात्पुरत्या सामानाच्या कप्प्यात प्रत्येकाच्या क्रमांकाची एक फाईल करून तीत परवाने ठेवावयाचे. ती फाईल इतरांस वाचता येत नसे, हे खरे. पण एका फाईलीत एकाच ओळखीचे परवाने मावत, आणि फाईलीची नक्कल झाली की परवान्याचीही नक्कल होई. पुढे लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातच परवाने ठेवण्याची युक्ती निघाली. तेथे जागेची मर्यादा आडवी आली. शिवाय एकाच संगणकात अनेक बंदिस्त कक्ष करून कामे चालविण्याची आजची पद्धत आहे, त्या कक्षांना हा गाभा वेगवेगळा मिळत नाही.

यावर निघालेला तोडगा म्हणजे परवाने सांभाळण्यासाठी एक स्वतंत्र सेवकच नेमणे. त्याला केसीएम म्हणतात. ही कल्पना प्रथम हाइमडाल या कर्बरॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पुढे एसएसएसडी या संचाने आपला केसीएम तयार केला, आणि २०१९ साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत तोच रूढ झाला. हा कोठावळा दाराशी आलेल्यास नाव विचारीत नाही. आलेला कोण, हे त्याला प्रणालीचा गाभाच सांगतो, आणि ज्याचे परवाने त्यालाच मिळतात. बंदिस्त कक्षालाही त्याच्यापर्यंत जाणारी एक खिडकी उघडून दिली की पुरते.

त्याची मांडणी अवघड नाही, मात्र ती क्रमाने करावी. प्रथम एसएसएसडी-केसीएम हा भाग बसवावा आणि त्याचे सॉकेट, म्हणजे हाक मारण्याचे दार, चालू करावे. सेवकाने सदैव जागे राहावयास नको. दारावर थाप पडली की तो उठतो. नंतर कर्बरॉसच्या मांडणीत परवान्यांचे नेहमीचे स्थान म्हणून ‘केसीएम’ हे नाव व त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे लिहावीत. येथेच बहुतेकांची फसगत होते. पूर्वी कोणी जुन्या फाईलीचा पत्ता वातावरण-चलांत लिहून ठेवला असेल, तर नवी ओळ असूनही कार्यक्रम जुन्याच फाईलीकडे जातो. म्हणून परवाना काढून ‘के-लिस्ट’ ही आज्ञा द्यावी आणि उत्तरात आरंभी केसीएमचे नाव दिसते की नाही, ते पाहावे.

मर्यादांचाही विचार हवा. एका व्यक्तीस चौसष्ट संच आणि एका संचास ६५,५३६ बाइट्स, असे मूळचे माप असते. भरकटलेल्या एखाद्या कार्यक्रमाने सारी कोठी अडवू नये, हा त्यामागचा हेतू. हे माप एसएसएसडीच्या मांडणीतील केसीएमच्या भागात बदलता येते. बदलल्यावर सेवक पुन्हा सुरू करावा. रात्रभर गणिते चालविणाऱ्या संशोधकाचा परवाना पहाटे संपला, तर त्याचे काम अर्ध्यावर तुटते. त्यासाठी मूळ परवाना आपोआप नवा करून घेण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय परवाना देणाऱ्याने नूतनीकरणास मुभा दिलेली असावी लागते.

कोठावळा विश्वासू असला तरी त्यालाही सीमा आहेत. संगणकाचा सर्वाधिकारी व्यवस्थापक कोठीत डोकावू शकतो. परवाने तबकडीवर ठेवले जात असल्याने संगणक बंद करून पुन्हा लावला तरी ते टिकू शकतात. संगणकापुढून उठून गेल्याने परवाना नष्ट होईलच, असेही नाही. बडोद्यासारख्या शिक्षणाच्या नगरीत एकाच संगणकापुढे दिवसभर अनेक विद्यार्थी येऊन बसतात. तेथे मांडणी करणाऱ्याने आपले काम चोख केल्यावरही एक गोष्ट प्रत्येकास शिकवावी लागेल : जाण्यापूर्वी ‘के-डिस्ट्रॉय’ ही आज्ञा देऊन आपला परवाना स्वतः रद्द करावा.