विषाचे मोजमाप कोणाच्या हाती?

पर्यावरणीय विषशास्त्र आणि प्रदूषणमापन हा विषय कालपरवापर्यंत मोठ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत बंदिस्त होता. आज त्याचा पदव्युत्तर अभ्यास संगणकाच्या पडद्यावर, घरबसल्या करता येतो. पाळी संपवून घरी आलेला तरुण रात्री दहा वाजता प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकू शकतो. ह्या शास्त्रात असते काय, पडद्यावरून त्यातले साधते किती आणि कष्टकरी समाजाला त्याची गरज का, ह्या तीन प्रश्नांचा विचार आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दाराशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा बोलणे साधेच असेल.

प्रथम विष म्हणजे काय ते पाहू. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या युरोपीय वैद्याने एक मोठा सिद्धांत सांगितला: पदार्थ विषारी ठरतो तो मात्रेमुळे. आपल्याकडील वैद्यही बचनाग शुद्ध करून गुंजेच्या हिशेबाने औषधात घालतातच. परंतु मात्रा एवढ्याने भागत नाही. विष कोणत्या वाटेने शिरले, नाकाने, तोंडाने की कातडीने. किती काळ शिरत राहिले. आणि कोणाच्या शरीरात शिरले, हेही पाहावे लागते. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायूने एका रात्रीत हजारो माणसे घेरली. दगड फोडणाऱ्याच्या छातीत सिलिकाची धूळ मात्र वर्षानुवर्षे साचत जाते. पहिल्या विषाची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही.

कापडगिरण्यांतील बिसिनोसिस हा दमा घ्या. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याची छाती सुरुवातीला आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी आवळते आणि पुढे आठवडाभर हलकी होत जाते. डॉक्टरने केवळ फुप्फुस तपासले तर हे कळावे कसे? म्हणून इटलीतील रामात्सिनी ह्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिताना आग्रह धरला की, रोग्याला त्याचा धंदा विचारा. ह्या शास्त्राचा पाया त्या एका प्रश्नावर उभा आहे.

आता मापन. कामगाराच्या कॉलरला, नाकाजवळ, एक छोटी गाळणी लावतात. ती कमरेच्या पंपाला जोडलेली असते. पंप मिनिटाला २ लिटर हवा ओढतो असे धरा. आठ तासांत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर हवा गाळली गेली. गाळणीचे वजन १.९२ मिलिग्रॅमने वाढले, तर घनमीटरला २ मिलिग्रॅम धूळ झाली. हिशेब वाण्याच्या तराजूइतका सरळ आहे. खरी मेख पुढे आहे. एका कामगाराने आठही तास २ मिलिग्रॅमच्या हवेत काढले. दुसऱ्याने दोन तास गोणी फोडल्या, तेव्हा हवेत ८ मिलिग्रॅम धूळ होती, आणि उरलेले सहा तास स्वच्छ हवेत काढले. दोघांची सरासरी एकच! कागदावर दोघे सारखे, छातीला मात्र सारखे असतीलच असे नाही. आणि पंप कॉलरऐवजी उघड्या खिडकीपाशी टांगला, तर आकडा खोटा नसूनही अहवाल खोटा ठरेल. कोठे, केव्हा आणि कशात मोजावे, हे ठरवणे ही ह्या विद्येतली अर्धी विद्या आहे.

ह्याची साक्ष जपानमधील मिनामाता गाव देते. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे पाणी समुद्रात सोडले जाई. १९५६ च्या मे महिन्यात एका अपरिचित मज्जारोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्यातील पारा पाण्यात विरळ दिसे. परंतु मासे आणि शिंपल्यांत तो साठत जाई आणि त्यांतून कोळ्यांच्या शरीरात उतरे. नुसते पाणी तपासणाऱ्याला हे दिसले नसते. मासळी आणि माणसांचे केस तपासावे लागले. कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा ह्यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. १९५९ च्या ऑक्टोबरात त्या मांजराला तोच रोग झाला. कंपनीने तो निष्कर्ष दडपला. पाऱ्याचे सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले आणि सरकारने कारण मान्य केले तेही त्याच वर्षी. १९६८ च्या ऑगस्टमध्ये त्या कारखान्यातील एका कामगार संघटनेने जाहीर ठराव केला की, ह्या रोग्यांसाठी आपण लढलो नाही ह्याची आपल्याला लाज वाटते. तो ठराव प्रत्येक संघटनेच्या कचेरीत टांगून ठेवावा, असे आम्हांस वाटते. मोजमाप झाले होते. परंतु ते एकाच्याच कपाटात होते.

म्हणून नव्या शिक्षणाचे मोल मोठे आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर २०१७ पासून उच्च शिक्षणाची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षा द्यावी लागते. पूर्ण ऑनलाइन पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले. विषाची मात्रा, शरीरातील प्रवास, संख्याशास्त्र, कायदे, नकाशे आणि हवेच्या केंद्रांचे जाहीर आकडे, हे सारे पडद्यावरून उत्तम शिकता येते. परंतु गाळणी न फाडता चिमट्याने उचलणे, पंपाची गती तपासणे, नमुन्याची बाटली धुणे हे हातानेच येते. तेव्हा प्रवेशापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारा. अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे काय? प्रात्यक्षिक कोठे आणि किती दिवस? प्रवेशाला विज्ञानाची कोणती पदवी लागते? शेवटचा प्रबंध आपल्याच गावच्या हवेवर वा पाण्यावर करता येईल काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर तो अभ्यासक्रम सोन्याचा समजावा.

भाषेची अडचण आहे. व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत असतात. तिच्यावर तोडगा एकच. जो शिकेल त्याने महिन्यातून एकदा चाळीत वा कामगार सभागृहात बसून ते मराठीत सांगावे. संघटनांनीही संपनिधीप्रमाणे शिक्षणनिधी काढावा आणि कामगाराच्या घरातील विज्ञानाच्या पदवीधर मुलीला अगर मुलाला ह्या अभ्यासाला बसवावे. पगाराचा हिशेब आपण दुसऱ्यावर सोपवीत नाही. चिठ्ठी घरी आणून दोनदा पडताळतो. श्वासाचा हिशेबही तसाच पडताळला पाहिजे, आणि तो पडताळणारे माणूस आपल्या घरात तयार झाले पाहिजे.